पाव अणू: स्फटिकातली अव्यवस्था आणि संगणक

(भवानीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. म्हणून विषय विज्ञानाचाच घेतला आहे, आणि जरा अवघड घेतला आहे. अवघड गोष्ट सोपी करून सांगावी. पण सोपी करता करता ती खोटी झाली, तर ऐकणाऱ्याचा अपमान होतो. तेवढं टाळायचा प्रयत्न करतो.

विषय असा आहे. निसर्गातल्या पुष्कळ स्फटिकांत काही जागा अशा असतात की तिथे कोणता अणू बसला आहे असं विचारलं, तर उपकरण उत्तर देतं: पाव ॲल्युमिनियम आणि पाऊण सिलिकॉन. पाव अणू नावाची वस्तू जगात नाही. संगणकात स्फटिक उभा करायचा तर प्रत्येक जागी एक अख्खा अणू ठेवावा लागतो. मग ठेवायचा कोणता? प्रश्न किरकोळ वाटतो, पण शास्त्रज्ञांना त्यानं नव्वद वर्षांहून जास्त काळ गुंतवून ठेवलं आहे. 2023 साली एका मोठ्या प्रयोगशाळेच्या गाजलेल्या दाव्यावर याच प्रश्नावरून आक्षेप आले. त्याकडे पुढे येतो.

भवानीनगरात स्फटिक म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. छत्रपती साखर कारखान्याच्या पॅनवर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना स्फटिक कसा जन्मतो हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाक घट्ट करत न्यायचा, योग्य वेळी साखरेच्या बारीक भुकटीचं सीड द्यायचं, दाणा धरला की त्याला सांभाळत वाढवायचं. दाणा वाढतो तेव्हा साखरेचा रेणू साखरेच्याच रेणूला शेजारी घेतो. बाकीचा बहुतेक माल बाहेर मळीत राहतो. साखर पांढरी होते ती मुख्यतः या निवडीमुळे. शिळा ऊस आला, रसात डेक्स्ट्रान वाढलं, की दाणा लांबट होतो, हेही इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. पण तिथे बिघडतो तो दाण्याचा बाहेरचा आकार, कारण काही बाजूंची वाढ अडते. आतली मांडणी तीच राहते.

त्या आतल्या मांडणीचा हिशेब ऐका. सुक्रोजच्या एका रेणूत 12 कार्बन, 22 हायड्रोजन आणि 11 ऑक्सिजन, म्हणजे 45 अणू. दोन रेणू मिळून जी पेटी तयार होते तिला युनिट सेल म्हणतात. तिच्यात 90 अणू. हीच पेटी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा मांडली की दाणा तयार. एक मिलिमीटर बाजूच्या दाण्यात अशा पेट्यांची संख्या लिहायची तर 14 वर सतरा शून्यं द्यावी लागतील. ही रचना बीव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली क्ष-किरणांनी उलगडली. 1963 साली ब्राउन आणि लेव्ही यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्यानं हायड्रोजनच्या जागाही पक्क्या केल्या. संगणकाला अशी साखर फार आवडते. नव्वद अणूंचे पत्ते दिले की अख्ख्या दाण्याचं वर्णन झालं.

आता कारखान्याच्या पायाखाली काय आहे ते पाहू. आपला सगळा भाग दख्खनच्या लाव्ह्यावर बसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला आणि थिजला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि मागून झिरपलेल्या गरम पाण्यानं त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. विहीर खोदताना, रस्त्यासाठी दगड फोडताना पांढरे, गुलाबी, कधी मोत्यासारखे चमकणारे खडे निघतात आणि आपण सरसकट त्यांना गारगोट्या म्हणतो. त्यातले बरेचसे झिओलाइट असतात: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, आणि त्यांच्याबरोबर आढळणारा अपोफिलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत मिरवतो. हे खनिज प्रथम सापडलं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, 1967 साली. पण उत्तम नमुना म्हटला की संग्राहक वाघोलीचं नाव घेतात. सिन्नरला याच दगडांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

मी यातला ह्यूलँडाइट उदाहरणासाठी घेतो. त्याचा सांगाडा चौफलकांचा आहे. मध्ये एक अणू आणि चार कोपऱ्यांना चार ऑक्सिजन. हे चौफलक कोपऱ्याला कोपरा जोडून बोगदे तयार करतात, आणि बोगद्यांत पाणी, कॅल्शियम, सोडियम राहतात. एका युनिट सेलमध्ये चौफलकांच्या मधल्या जागा 36. त्यांपैकी साधारण 9 जागी ॲल्युमिनियम असतं, उरलेल्या 27 जागी सिलिकॉन. कोणत्या नऊ? इथेच साखरेची शिस्त संपते. या पेटीत एक नऊ, शेजारच्या पेटीत दुसरे नऊ. सांगाडा तंतोतंत सारखा, रहिवासी मात्र बदललेले. शास्त्रज्ञ याला अंशतः अव्यवस्था म्हणतात. अंशतः एवढ्यासाठी, की कारभार पूर्ण मोकाटही नसतो. ह्यूलँडाइटमध्ये पाच प्रकारच्या जागा आहेत आणि त्यांतल्या दुसऱ्या प्रकारच्या जागेकडे ॲल्युमिनियमचा ओढा जास्त असतो.

क्ष-किरण एका वेळी अब्जावधी पेट्यांवरून परावर्तित होऊन येतात, म्हणून ते सरासरी सांगतात. समजा, इंदापूर तालुक्यातल्या सगळ्या गटांचे आकाशातून काढलेले फोटो कुणी एकावर एक ठेवले आणि जाहीर केलं, 'इथल्या प्रत्येक गटात पाव ऊस आणि पाऊण ज्वारी आहे.' आकडा बरोबर असेल. तसा एकही गट मात्र सापडायचा नाही. शिवाय ऊसतोडणीची टोळी कुठून लावायची हे ठरवायला ऊस सलग पट्ट्यात आहे की तुकड्या-तुकड्यांनी विखुरला आहे, हे कळायला हवं, आणि नेमकी तीच गोष्ट त्या आकड्यात नाही.

अणूंच्या बाबतीत हा तोटा मोजून दाखवता येतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातलं अंतर सुमारे 1.61 आंगस्ट्रॉम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्यातलं सुमारे 1.75. (आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) ज्या जागी पाव ॲल्युमिनियम आहे तिथे क्ष-किरण अंतर सांगतात साधारण 1.645. या लांबीचा बंध त्या स्फटिकात असेलच असं नाही. वरून आणखी अडचण अशी की ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हे आवर्तसारणीत शेजारी. बंधात असताना दोघांचे इलेक्ट्रॉन जवळपास सारखेच, आणि क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉनच. त्यामुळे कोणत्या जागी किती ॲल्युमिनियम हेही बहुतेक वेळा त्या लांबीवरूनच ताडावं लागतं.

शेजाऱ्यांची माहिती दुसऱ्या वाटेनं येते. लोवेनश्टाइन यांनी 1954 साली एक नियम मांडला: अशा सांगाड्यात दोन ॲल्युमिनियम एकाच ऑक्सिजनच्या दोन बाजूंना शेजारी बसत नाहीत. अपवाद सापडले आहेत, पण नैसर्गिक झिओलाइटला नियम चांगला लागू पडतो. मग 1980 च्या सुमारास सिलिकॉनच्या अणुकेंद्राचा चुंबकीय अनुनाद वापरून प्रत्येक सिलिकॉनला शेजारी किती ॲल्युमिनियम आहेत, शून्य, एक, दोन, तीन की चार, हे मोजता येऊ लागलं. ही मोठी गोष्ट होती. क्ष-किरण जागेची सरासरी सांगतात; अनुनाद शेजाराची शिरगणती करतो. दोन्ही कागद समोर असतील तरच संगणकवाल्यानं कामाला लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता संगणकाकडे. 36 जागांतून 9 निवडण्याचे प्रकार किती? बारावीच्या विद्यार्थ्यानं सूत्र लावलं तर उत्तर येईल 9,41,43,280. नऊ कोटींच्या वर, आणि तेही एका पेटीसाठी. पाणी धरून पेटीत 185 च्या आसपास अणू होतात. एवढ्या अणूंची ऊर्जा पुंजयांत्रिकीनं मोजायची तर चांगल्या संगणकालाही तास लागू शकतात. एका मांडणीला एकच तास धरला, तरी सगळ्या मांडण्यांना दहा हजार सातशे वर्षं लागतील. रचनेतली सममिती वापरली तर साधारण आठनं भागता येतं, कारण आरशात पाहिलेली किंवा फिरवलेली मांडणी नवी नसते. लोवेनश्टाइनच्या नियमानं आणखी मोठी छाटणी होते. तरीही दोन पेट्या जोडून घेतल्या की आकडा चारावर सोळा शून्यांपर्यंत जातो.

पुण्यात सी-डॅकनं 1991 साली 'परम 8000' बनवला तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! आज पुण्याच्याच आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे आणि तो त्याच्या कितीतरी पट वेगवान आहे. पण वेग हजारपट वाढला तरी सोळा शून्यांतली तीनच जातात. मोठं यंत्र घेतलं की प्रश्न सुटला, ही समजूत इथे चालत नाही. इथे युक्ती लागते.

पहिली युक्ती 1931 सालची, नॉर्डहाइम यांची. त्यांनी म्हटलं, पाव आणि पाऊण मिसळून एक काल्पनिक अणूच बनवा ना! प्रत्येक जागी तोच ठेवा, म्हणजे अव्यवस्था नाहीशी आणि गणित सोपं. सिलिकॉन आणि जर्मेनियमसारख्या सख्ख्या भावंडांच्या मिश्रणात ही युक्ती काही गुणधर्मांपुरती चालते. ह्यूलँडाइटमध्ये ती घात करते. ॲल्युमिनियम बसलं की त्या जागी एक धनभार कमी पडतो, आणि ती तूट भरायला कॅल्शियम किंवा सोडियम त्याच्या आसपास येतं. तूट सगळीकडे सारखी पसरवून टाकली तर कॅल्शियमनं कुठे जायचं? बोगद्यातल्या त्याच्या जागेला काही कारणच उरत नाही. सरासरी अणूचं हे प्रतिरूप दिसायला नीटनेटकं असतं, म्हणून तर ते जास्त फसवं.

दुसरी वाट म्हणजे अनेक पेट्या जोडून मोठा तुकडा घ्यायचा, त्यात अख्खे अणू ठेवायचे आणि अनेक मांडण्या तपासायच्या. ठेवायचे कसे, यावर पंथ आहेत. 1990 साली झुंगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोजक्या अणूंची अशी एक खास मांडणी शोधता येते, जिच्यातले जवळचे शेजारसंबंध पूर्ण यादृच्छिक मिश्रणासारखे असतात. एकच मांडणी तपासा आणि अख्ख्या मिश्रणाचा अंदाज घ्या. मिश्रधातूंच्या अभ्यासात या युक्तीनं फार काम वाचवलं. पण तिचं गृहीतक विसरू नका: मिश्रण खरोखर यादृच्छिक असलं पाहिजे. जिथे दोन ॲल्युमिनियम एकमेकांचा शेजार टाळतात तिथे यादृच्छिक मांडणी घेणं म्हणजे निसर्गानं नाकारलेली रचना अभ्यासणं. तयार प्रोग्रॅम हाताशी आहे म्हणून तो कशालाही लावणारे लोक सगळ्या क्षेत्रांत असतात, आमच्यातही आहेत.

तिसरी वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते. काही डझन किंवा काही शे मांडण्यांची ऊर्जा नीट मोजायची. त्यावरून शेजाऱ्यांच्या जोड्या, तिकड्या, चौकड्या यांची किंमत ठरवायची; या पद्धतीचा पाया सांचेझ, ड्यूकास्टेल आणि ग्रातिआस यांनी 1984 साली घातला. एकदा हा दरतक्ता हाती आला की कोणत्याही मांडणीची ऊर्जा क्षणात काढता येते. मग मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी 1953 साली दिलेली मोंटे कार्लो रीत वापरायची: एक ॲल्युमिनियम आणि एक सिलिकॉन यांची अदलाबदल करून पाहायची, ऊर्जा कमी झाली तर ठेवायची, वाढली तर तापमानानुसार कधी ठेवायची, कधी सोडायची. असं लाखो वेळा. शेवटी हाती एक चित्र येत नाही, मांडण्यांचा समुदाय येतो आणि त्यातल्या प्रत्येकीचं वजन कळतं. अलीकडे या दरतक्त्याची जागा यंत्रशिक्षणानं बनवलेली प्रतिरूपं घेत आहेत, तत्त्व तेच.

इथे 'तापमानानुसार' म्हटलं, पण तापमान कोणतं धरायचं? नवशिका पटकन 25 अंश घालतो, कारण प्रयोगशाळेत तेवढंच असतं. पण ह्यूलँडाइटमधला ॲल्युमिनियमचा अणू आज आपली जागा सोडू शकत नाही. त्याचे बंध इतके पक्के आहेत की खोलीच्या तापमानाला तो युगानुयुगं तिथेच राहील. त्याची जागा ठरली ती स्फटिक वाढत असताना, लाव्ह्याच्या पोकळीतल्या गरम पाण्यात. म्हणजे अव्यवस्थेला स्वतःचं जन्मतापमान असतं. उलट बोगद्यातलं पाणी आणि कॅल्शियम आजही हलतात, त्यांना आजचं तापमान लावावं लागतं. एकाच दगडात दोन तापमानं! प्रयोगशाळेत झटकन बनवलेल्या झिओलाइटला तर तापमान हा एकच आकडाही पुरत नाही. तो कोणत्या घटकांतून, किती घाईनं बनवला यावर ॲल्युमिनियमची जागा ठरते.

याचा उसाशी संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. त्यांच्या 'अल्बीन' प्रक्रियेत बेंझिन आणि अल्कोहोल यांपासून इथाइलबेंझिन बनवत, आणि आपल्याकडे अल्कोहोल येतं ते मळीतून. या कुळातल्या झेडएसएम-5 या झिओलाइटच्या पेटीत 96 जागा आहेत, बारा प्रकारच्या, आणि त्यांत ॲल्युमिनियम मोजकंच. पण प्रत्येक ॲल्युमिनियमशेजारी एक प्रोटॉन, आणि सगळी रासायनिक करामत त्या प्रोटॉनची. ॲल्युमिनियम बोगद्यांच्या चौकात आहे की अडगळीत, दोन ॲल्युमिनियम जवळ आहेत की लांब, यावर उत्प्रेरक कसा चालतो ते ठरतं. 'टक्का किती' हा प्रश्न खरेदी विभागाला पुरतो, रसायनाला पुरत नाही.

अव्यवस्था मोजण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण मात्र संगणकाच्या आधीचं आहे, आणि ते आहे बर्फाचं. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला चार ऑक्सिजन शेजारी, आणि दर दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक हायड्रोजन. तो या ऑक्सिजनच्या जवळ असेल किंवा त्या. 1933 साली बर्नाल आणि फाउलर यांनी नियम सांगितला: प्रत्येक ऑक्सिजनजवळ नेमके दोनच हायड्रोजन हवेत, म्हणजे पाण्याचा रेणू शाबूत राहतो. हा नियम पाळून हायड्रोजन मांडायचे असंख्य मार्ग आहेत. न्यूट्रॉनला मात्र प्रत्येक जागी अर्धा हायड्रोजन दिसतो. 1949 साली वोलन, डेव्हिडसन आणि शल यांनी तसं दाखवलं. त्याआधीच, 1935 साली, पाउलिंग यांनी कागद-पेन्सिलीनं हिशेब केला होता. एका रेणूच्या वाट्याला दोन बंध, प्रत्येक बंधात दोन पर्याय, म्हणून चार मांडण्या. पण एका ऑक्सिजनभोवतीच्या 16 शक्यतांपैकी नियमात बसणाऱ्या फक्त 6. चाराला सहा-सोळांशानं गुणा: दीड. म्हणजे रेणूमागे दीड मांडणी, आणि त्यावरून निरपेक्ष शून्याजवळही बर्फात शिल्लक राहणारी एन्ट्रॉपी येते 0.806 कॅलरी दर मोल दर अंश. गिओक आणि स्टाउट यांनी 1936 साली प्रत्यक्ष उष्णता मोजून आकडा काढला, 0.82. विद्यार्थ्यांनो, हे गणित आज रात्री घरी स्वतः करून पाहा. पाउलिंग यांनी अर्ध्या हायड्रोजनचं चित्र काढत बसण्याऐवजी नियमात बसणाऱ्या अख्ख्या मांडण्या मोजल्या. आजचे सगळे प्रोग्रॅम तेच करतात, फक्त जास्त धापा टाकत.

आता 2023 सालची गोष्ट. कॅलिफोर्नियात बर्कलीला 'ए-लॅब' नावाची स्वयंचलित प्रयोगशाळा आहे. संगणकानं सुचवलेले पदार्थ यंत्रमानवानं भाजायचे, क्ष-किरणांनी तपासायचे, पुन्हा सुधारायचे. नोव्हेंबर 2023 मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांचा दावा आला: 17 दिवसांत 58 लक्ष्यांपैकी 41 नवे पदार्थ बनवले. वर्तमानपत्रांत मोठी वाहवा झाली. लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह, प्रिन्स्टनच्या लेस्ली स्कूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सगळी क्ष-किरण आलेखनं पुन्हा तपासली आणि 2024 साली आपला निष्कर्ष छापला: यातलं काहीच नवं नाही. सुमारे दोन तृतीयांश पदार्थांबाबत त्यांचं म्हणणं असं की ते आधीच माहीत असलेले अव्यवस्थित पदार्थ असावेत. संगणकाच्या यादीत दोन धातू ठरावीक जागी, शिस्तीत बसलेले होते. भट्टीतून बाहेर आलेल्या पदार्थात तेच धातू त्याच जागांवर मिसळलेले असावेत. शिस्तीची मांडणी कागदावर 'नवी' ठरली, कारण संगणकाला मिसळलेली मांडणी लिहिताच येत नव्हती. यंत्रमानवाला मी दोष देणार नाही. ज्या यादीत पाव अणू लिहायची सोय नाही, त्या यादीला पाव अणूचा पदार्थ दिसणार कसा? नव्या पदार्थांच्या लाखालाखांच्या याद्या आता निघत आहेत. त्या वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

आणि आता घरच्या मातीकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचं खरं स्थानिक काम तिथे आहे.

नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. बारामती-इंदापूरचं नशीब पालटलं हे खरं. पण पाण्याबरोबर क्षारही वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी एक पुस्तिका लिहिली, 'द सॉल्ट लँड्स ऑफ द नीरा व्हॅली'. कालवा येऊन अवघी पंचवीस वर्षं झाली होती आणि खारवट जमिनींवर पुस्तिका लिहायची वेळ आली होती! पुढे 1932 साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आलं. चोपण जमीन म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर पाणी साचतं, खाली झिरपत नाही, वाळली की दगड.

हे का होतं, याचं उत्तर काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट गटाच्या खनिजांत आहे. अशा खनिजाचा एकेक थर दहा आंगस्ट्रॉमच्या आसपास जाड: दोन बाजूंना सिलिकॉनचे पत्रे, मध्ये ॲल्युमिनियमचा. मधल्या पत्र्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं, काही ठिकाणी लोह. मॅग्नेशियमचा धनभार एकानं कमी, म्हणून थर ऋणभारित होतो आणि दोन थरांच्या मध्ये कॅल्शियम किंवा सोडियम पाण्यासकट येऊन बसतं. पिकाला मिळणारं कॅल्शियम, पोटॅश यांची साठवण या तुटीवरच चालते. म्हणजे आपल्या शेतीचा मोठा भाग एका अणूच्या जागी दुसरा बसण्यावर, अव्यवस्थेवर, उभा आहे. साखरेसारखी शिस्त मातीत असती तर ती खत धरूच शकली नसती.

नॉरिश यांनी 1954 साली दाखवलं की मधे कॅल्शियम असेल तर पाण्यात थर साधारण 19 आंगस्ट्रॉमपर्यंत फुगतात आणि थांबतात. सोडियम असेल आणि पाण्यात क्षार कमी असतील तर ते 40 आणि त्याच्याही पुढे जातात, म्हणजे थर सुटतात, माती विरते, भोकं बुजतात. चोपण जमिनीला जिप्सम देतात ते सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवायला. सगळं माहीत आहे, तर संगणक कशाला? कारण किती जिप्सम, किती वेगानं, आणि कोणत्या मातीत सोडियम जास्त चिवट धरून बसतो, हे थराच्या तुटीवर आणि त्या तुटी कुठे आहेत यावर अवलंबून असतं.

संगणकात या खनिजाचा लहान तुकडा घेतात, आठ पेट्यांचा. मधल्या पत्र्यात ॲल्युमिनियमच्या 32 जागा. त्यांपैकी सहा ठिकाणी मॅग्नेशियम ठेवलं की थरावर योग्य भार येतो. 32 तून 6 निवडायचे प्रकार 9,06,192. बहुतेक अभ्यासांत यातली एक मांडणी घेतली जाते, दोन मॅग्नेशियम शेजारी येणार नाहीत एवढं पाहून. क्लेएफएफसारखी बलप्रतिरूपं, म्हणजे अणूंमधल्या बलांची तयार सूत्रं, 2004 पासून उपलब्ध आहेत, त्यामुळे पाण्याचे रेणू घालून असे थर फुगवून पाहणं आता सवयीचं झालं आहे. माझी तक्रार त्या एका मांडणीबद्दल आहे. ती का घेतली, दुसरी घेतली असती तर सोडियमची जागा बदलली असती का, याचं उत्तर निबंधात एका वाक्यात तरी हवं. पाच-दहा मांडण्या घेऊन फरक दाखवला तर फारच उत्तम. शिवाय या मातीचे थर एकमेकांवर कोणत्याही कोनात पडलेले असतात. तुकडा मात्र काटकोनात रचला जातो. इथे अव्यवस्था दोन पातळ्यांवर आहे आणि सहसा एकीचीच दखल घेतली जाते.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. जगात या खनिजाचं संगणकीय प्रतिरूप बहुतेक वेळा अमेरिकेतल्या वायोमिंग किंवा ॲरिझोनाच्या मातीचं असतं. कारण साधं आहे. तिथले नमुने एका भांडारात जपून ठेवले आहेत, कुणालाही विकत मिळतात, आणि त्यांचे आकडे छापलेले आहेत. वायोमिंगची ही माती ज्वालामुखीच्या राखेतून बनली. आपली बेसॉल्टमधून बनली, आणि बेसॉल्टच्या मातीत लोहाचा वाटा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. लोह कुठे बसतं, मॅग्नेशियमच्या शेजारी की लांब, हे वायोमिंगच्या आकड्यांवरून कळणार नाही.

ते शोधायला महासंगणक लागत नाही. अवरक्त वर्णपट घेणारं यंत्र पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत आहे. या खनिजातल्या प्रत्येक हायड्रॉक्सिल गटाला दोन धातू शेजारी असतात. दोन्ही ॲल्युमिनियम असतील तर वर्णपटात 915 (दर सेंटिमीटर) च्या आसपास खूण उमटते. एक ॲल्युमिनियम आणि एक लोह असेल तर 880 च्या आसपास. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असेल तर 840 च्या आसपास. म्हणजे शेजाऱ्यांची नोंद आपोआप होते. त्याला रासायनिक पृथक्करण जोडलं की संगणकवाल्याला नऊ लाखांतून निवड करायला आधार मिळतो.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. एका हंगामाचा प्रकल्प म्हणून हे काम घ्या. कालव्यालगतच्या चोपण आणि चांगल्या, दोन्ही प्रकारच्या जमिनींची माती काढा, त्यातला बारीक चिकणभाग वेगळा करा, वर्णपट आणि पृथक्करण करून घ्या आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवा. संगणकाचं काम करायला आमच्यासारखे पुष्कळ जण मिळतील. माती मात्र तुम्हीच आणू शकता. नमुन्याच्या पिशवीवर गाव, गट क्रमांक, खोली आणि तारीख तेवढी न विसरता लिहा.